मागून येणारी हाक

मार्च लागला की आमच्या बदलापूरच्या सोसायटीत कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही. 'काढलं का?' असं विचारतात. लिफ्टमध्ये विचारतात, गेटवर दूध घेताना विचारतात, गच्चीवर कुरडयांवरून कावळे हाकलतानाही विचारतात. काय काढलं, हे सांगावं लागत नाही. मे महिन्याची विमानाची तिकिटं. कुणाची लेक हैदराबादला असते, कुणाला नातवंडांना घेऊन काश्मीर करायचं असतं. ज्यांनी काढली ते जरा ताठ चालतात. ज्यांनी काढली नाहीत ते त्यांना भाव विचारतात आणि मग दिवसभर हळहळतात. तळमजल्यावरचे काका तर तिकीट काढून झाल्यावरही रोज सकाळी भाव बघतात. वाढलेला असला की त्यांचा दिवस चांगला जातो.

मी या गप्पांत फार पडत नाही. कुणी घरी येऊन हा विषय काढलाच तर मी चहा ठेवायला उठते, आणि उठताना आईकडे बघायचं टाळते. आई मात्र आरामात बसलेली असते. तिला या विषयात रस आहे आणि मतंही आहेत. 'थांबा हो,' ती आल्यागेल्याला सांगते, 'उतरेल. आपण घाई दाखवली की चढतो तो.'

तो म्हणजे कोण, हे आईने कधी सांगितलं नाही. तिच्या मनात विमानाच्या तिकिटामागे कुणीतरी दुकानदार बसलेला आहे. गादीवर, पंख्याखाली, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचत.

आमचं बालपण उल्हासनगरात कॅम्प एकला गेलं. बाबा शहाडला एका कारखान्यात ऑफिसर होते, आणि आमच्या दोन खोल्यांच्या भिंतीला भिंत लावून माया आंटीचं घर होतं. माया आंटी सिंधी, आई देशावरची. लग्न होऊन आल्यावर आईला हिंदी येत नव्हती आणि आंटीला मराठी. दोघींनी एकमेकींना आपापली भाषा शिकवली, ती इतकी मोडकी की शेवटी दोघी मिळून जे बोलायच्या ते तिसऱ्या कुणाला नीट कळायचं नाही. आंटी आईला 'भेण' म्हणायची, म्हणजे बहीण. तिच्याकडे कुणीही गेलं की आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे यायचं. मी दिवसातून चार वेळा गेले तरी चार वेळा यायचं. माझ्या लहानपणाचा वास कुणी विचारला तर मी मिरी घातलेल्या भाजक्या पापडाचा सांगेन.

उन्हाळा म्हणजे त्या दोघींचा हंगाम. परीक्षा संपायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंटीच्या ओट्यावर उडदाचं पीठ कुटायचा आवाज सुरू व्हायचा. कुटायचं काम आंटीचं, लाटायचं आईचं. आम्ही मुलं तेलात बुडवलेल्या लाट्या चोरून खायचो आणि मग जेवायला नको म्हणायचो. आई पापड लाटून झाला की तळहातावर धरायची. खालच्या रेषा दिसल्या तर पास. नाही दिसल्या तर परत पोळपाटावर. 'भेण, हात देखने बैठी है कि पापड बनाने?' आंटी म्हणायची, आणि दोघी पीठभरल्या हातांनी हसायच्या.

पापड लाटून झाले की संध्याकाळी बाजार. चादरी, ड्रेसपीस, गाद्यांचे अभ्रे, काही नाहीच तर नुसतं बघायला. त्या दोघींची बाजार करायची एक रीत होती, आणि ती मला पाढ्यांसारखी पाठ होती. आंटी सिंधीत भाव विचारायची, म्हणजे दुकानदाराला घरचं माणूस आल्यासारखं वाटावं. मग आई कापड दोन बोटांत धरून तोंड वाकडं करायची. 'रंग जाईल.' आंटी आईची समजूत घातल्यासारखं करायची, आई ऐकायची नाही, आणि मग दोघी उठून चालू लागायच्या. खरी गंमत इथे असायची. मागून हाक यायची. 'अरे बहनजी, सुनो तो!' पहिल्या हाकेला आई वळत नसे. कधीच नाही. दुसऱ्या हाकेला वळायची, तेही अर्धी. तोवर भाव उतरलेला असायचा.

'मन दाखवायचं नाही,' घरी येताना आई मला सांगायची. 'गरजवंताला अक्कल नसते, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.'

तिचा हा नियम सगळ्यांना मात्र लागू नव्हता. पुढे आम्ही बदलापूरला राहायला आलो, तेव्हा मे महिन्यात चामटोली गावाकडच्या बायका स्टेशनजवळ पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसायच्या. त्यांच्याशी आई कधी घासाघीस करत नसे. एकदा मी सवयीने 'कमी करा' म्हटलं, तर आईने माझा दंड धरला. त्या बाईनेही माझ्याकडे न बघताच सांगितलं, 'आज हायती तवर घे बाय. उद्याचा काय सांगू मी?' आईने दोन द्रोण घेतले. 'हिचा माल संध्याकाळपर्यंतचा असतो,' ती म्हणाली. 'अशा मालाला भाव करायचा नसतो.'

हे तिनेच शिकवलेलं आहे. आणि तरीही तो उन्हाळा आम्हाला ओळखता आला नाही, तिलाही नाही आणि मलाही नाही.

तीन-चार वर्षं झाली असतील. आंटी तेव्हा जयपूरला होती. तिचे यजमान गेल्यावर मुलाने कॅम्पातलं घर विकलं आणि धंद्यासाठी तिकडे जाताना तिलाही नेलं. मुलगा सारखा फिरतीवर, सून नोकरीला, आणि आंटी तिसऱ्या मजल्यावर एकटी. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच होती. दोघींचं फोनवर बोलणं चालायचं. होळीच्या दुसऱ्या दिवशी आंटीचा फोन आला. तिकडे कडकडीत ऊन पडायला लागलं होतं आणि त्या उन्हाला काही काम नव्हतं, याचं तिला फार वाईट वाटत होतं.

'आ जा भेण. पापड बनाएंगे. यहाँ तो दो घंटे में कड़क हो जाता है.'

'येते की,' आई म्हणाली. 'मे महिन्यात येते.'

'इस गर्मी में आ जा. अगली गर्मी का क्या पता.'

असं म्हातारी माणसं म्हणतच असतात. आईने 'काही होत नाही तुला' म्हटलं आणि फोन ठेवला. पण त्या दिवशी तिने कपाटातली बरी लुगडी काढून पलंगावर मांडली आणि मला विचारलं, विमानात गारठा असतो का गं? आई तोवर कधी विमानात बसलेली नव्हती. गाडीचा लांबचा प्रवास तिच्या गुडघ्यांना आणि कमरेला झेपणारा नव्हता, त्यामुळे जायचं तर विमानानेच, हे ठरलेलं होतं. प्रश्न फक्त तिकीट कधी काढायचं एवढाच होता.

माझी मुलगी रेवा तेव्हा कॉलेजात होती. भाव बघायचं काम तिच्याकडे आलं. पहिल्या दिवशी साडेचार हजार होता. रेवा म्हणाली, 'आजी, बेस्ट आहे, काढून टाकू?' आजीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू नात उपाशी राहणार आहे जन्मभर.

'पहिला भाव कुणी देतं का?'

'आजी, ये दुकान नहीं है यार. इथे भाव नाही करत कुणी. अल्गोरिदम असतो.'

'असू दे. तो पण माणसांनीच ठेवलाय ना कामाला?'

मग तो महिनाभर आमच्या घरात जे काही चाललं ते आठवलं की आजही आधी हसू येतं. रेवाने कुठेतरी वाचलं होतं की मंगळवारी स्वस्त मिळतं. आई म्हणाली, मंगळवारपेक्षा सकाळ महत्त्वाची. बोहनीच्या वेळेला कुठलाच दुकानदार गिऱ्हाईक परत पाठवत नाही. म्हणून रेवाला परीक्षेच्या अभ्यासाला लवकर उठवायचं आणि आधी जयपूरचा भाव बघायला लावायचं. रेवा म्हणाली, एकाच फोनवरून सारखं बघितलं की त्यांना कळतं आपल्याला हवंय ते, आणि भाव वाढवतात. हे मात्र आईला लगेच पटलं. 'बघ, मी काय सांगते?' ती माझ्याकडे वळून म्हणाली. मग माझ्या फोनवरून बघायचं ठरलं, मग शेजारणीच्या. कधीकधी आंटी आईला ओळखतच नाही असं दाखवून एकटी आधी भाव विचारून यायची तसंच हे, असं आईचं म्हणणं. शेजारीण बिचारी कधी जयपूरला जाणार नव्हती, पण तिनेही दोन आठवडे मन लावून भाव विचारला.

भाव मध्ये एकदा थोडा उतरला. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, 'उतरायला लागलाय म्हणजे अजून उतरेल. बंद कर तो फोन. चल पुढे.' रेवाने खरंच फोन बंद करून टेबलावर उलटा ठेवला. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत बसलो. दुकानाच्या पायऱ्या उतरून आलोय आणि आता मागून आवाज येईल, तसं.

आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी भाव चढला. मग आणखी चढला. सात झाला तेव्हा साडेचार आठवून आम्ही नको म्हटलं. नऊवरून एकदा आठवर आला तेव्हा दगडापेक्षा वीट मऊ म्हणून घ्यायला हवा होता, पण सातला सोडलेलं आठला कसं घेणार? पैसे नव्हते असं नाही. हे मला स्वच्छ सांगायला हवं. माझा पगार होता, बाबांची पेन्शन होती, आणि त्या वर्षी आम्ही याहून मोठा खर्च सोफ्यावर केला. तो सोफा आज समोर आहे. त्याच्यावर मांजर झोपतं.

एप्रिलच्या शेवटी, एका दुपारी, रेवाने विषय संपवायला घेतला. बाहेर ऊन असं की खिडकीतला डोंगर पांढुरका दिसत होता. मी शाळेतून पेपर तपासून नुकतीच आले होते. आई आंटीसाठी न्यायची पिशवी भरत होती. आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि एक नवा पोळपाट, कारण आंटीचा जुना जयपूरला जाताना कुठेतरी राहिला होता.

'आजी, साडेनऊ झालंय,' रेवा म्हणाली. 'उद्या अजून वाढेल. फायनल सांग, काढू की नको?'

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'बघ बाई, तूच ठरव.'

'साडेनऊ?' आई म्हणाली. 'काहीतरीच. राहू दे. नाही जात मी. एवढं काय अडलंय माझं तिथे.'

आणि पिशवी घेऊन ती उठली, स्वयंपाकघराकडे निघाली. दाराशी थांबली. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. पदर सारखा केला. मला वाटलं, गुडघा धरला असेल.

'जड आहे का?' मी विचारलं. 'दे, मी ठेवते.'

'नको,' आई म्हणाली. 'जड नाहीये.'

ती क्षणभर तशीच उभी होती. मग आत गेली. रेवाने फोन खाली ठेवला, मी पंखा वाढवला. मला त्या वेळी बरंच वाटलं होतं. तिला विमानतळावर कोण नेणार, तिकडे चाकाच्या खुर्चीचं कसं सांगायचं, चढउतार, कान दुखले तर काय, अशा दहा काळज्या एका 'राहू दे'ने मिटल्या होत्या. तिने इतक्या सहज म्हटलं की आम्हीही सहज ऐकलं.

मे महिना गेला. पोळपाट माळ्यावर गेला. आमसुलांची आमटी झाली. श्रावणात आंटीचा फोन आला की मुलगा धंद्यासाठी पनामाला चाललाय, तिथे त्याच्या मेहुण्याचं कापडाचं दुकान आहे, आणि तिलाही नेतोय. होळीलाच बोलणी चालू होती, पण कागद होईपर्यंत सांगू नको म्हणाला होता. रेवाने फोनवर नकाशा काढून आजीला पनामा दाखवला. आईने बोट लावून बदलापूर कुठे ते विचारलं, मग दोन्हींच्या मधलं सगळं निळं बघत राहिली. तिकडच्या तिकिटाचा भाव आमच्या घरात कुणी बघितला नाही.

आता दोघी व्हिडिओ कॉलवर बोलतात. आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तिच्याकडे सकाळ असते, आणि आंटी झोपेतून उठून केस न विंचरताच आईसमोर येते. तिच्याकडे म्हणे बारा महिने दमट असतं. पापड वाळत नाही, बुरशी धरते. भारतातून कुणी आलं तर विकतचे मागवते. 'भेण, पापड खाती हूँ तो लगता है दुकान का नाम खा रही हूँ,' असं ती एकदा म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण आंटीला आता ऐकू कमी येतं. आई जे बोलते त्यातलं अर्धं मला मोठ्याने परत सांगावं लागतं, आणि मी सांगितलं की ते त्या दोघींचं राहत नाही.

या होळीला असाच फोन चालू होता. जुन्या बाजाराच्या गोष्टी निघाल्या. कुठली चादर कितीला पाडली, कुठल्या दुकानदाराने शेवटी हात जोडले. मी आईच्या शेजारी बसून हसत होते. तेवढ्यात आंटी मला म्हणाली, 'तूने मम्मी का थैला देखा है कभी?'

'कसला थैला?' मी विचारलं.

'अरे, जो चीज़ इसको नहीं चाहिए होती थी ना, उस दुकान से ये फटाफट उतर जाती थी. पीछे देखती नहीं थी. और जो दिल से चाहिए होती थी, तो सीढ़ी पे रुक के थैला इस हाथ से उस हाथ में. पल्लू ठीक. फिर थैला. मैं समझ जाती थी कि ये चादर आज घर जाएगी. दुकानवाले को टाइम देती थी, बेचारा आवाज़ तो लगाए.'

'काहीतरीच तुझं, माया,' आई म्हणाली. ती लाजली होती. आंटी खोखो हसत सुटली आणि तिला खोकला आला. सुनेने पाणी आणून दिलं.

मी हसत राहिले, कारण फोनवर माझाही चेहरा दिसत होता. लहानपणी आईचं बोट धरून मी त्या प्रत्येक पायरीवर उभी होते. मला वाटायचं, पिशवी जड झाली असेल. मोठी झाल्यावरही मला तेवढंच वाटलं. सगळ्या बाजाराची रीत मला पाठ होती आणि तिच्यातली ही एकच गोष्ट, जिच्यावर सगळं चालायचं, ती मी कधी पाहिली नव्हती. दुकानदार परके होते. ते बघायचे आणि हाक मारायचे. आम्ही घरचे होतो, म्हणून तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.

फोन संपल्यावर मी तिला विचारलं, 'आई, त्या वर्षी तुला जायचं होतं ना?'

'कुठे?'

'जयपूरला. आंटीकडे.'

'छे गं,' आई म्हणाली. 'भाव काय होता आठवतोय ना तुला?' आणि तिने चष्मा पुसायला घेतला.

अजूनही मन दाखवत नाही. कुणापासून लपवते आता, कोण जाणे. भाव ठरवणारे कधीच निघून गेले.

रेवा आता बेंगळुरूला नोकरी करते. परवा तिचा फोन आला. मे महिन्यात घरी यायचंय, तिकीट महाग दाखवतंय, काय करू, थांबू का थोडं? 'थांब म्हणावं,' आई पलीकडून म्हणाली, 'उतरेल.' मी म्हटलं, 'आत्ता काढ.' रेवाने काढलं. आईला ते आवडलं नाही. दोन दिवस ती मला ऐकवत होती की उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तिसऱ्या दिवशी भाव खरंच उतरला. तळमजल्यावरच्या काकांनी मुद्दाम वर येऊन सांगितलं. आईचा चेहरा असा खुलला की मलाही बरं वाटलं.

त्याच दुपारी आई बाजारातून आलेली पिशवी घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली. बटाटे, कोथिंबीर, असंच काहीतरी. दाराशी थांबली आणि पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. आज नुसती पिशवीच जड असेल. तिला आता काही हवं असेल असं वाटत नाही. पण माझ्याच्याने राहवलं नाही.

'आई,' मी मागून हाक मारली.

ती वळली. पहिल्याच हाकेला, पुरती वळली.

'काय गं?'

माझ्याकडे तिला द्यायला काहीही नव्हतं. ती वाट बघत उभी होती.

'काही नाही,' मी म्हटलं. 'पापड भाजतेस का दोन?'

'भाजते की,' आई म्हणाली, आणि आत गेली.